बाळोती वाळवायची पेटी

आमच्या घरात पावसाळ्यात जन्मलेलं लेकरू टिकत नाही, ही गोष्ट मला कुणीतरी लग्नाआधी सांगायला हवी होती. सांगितली ती माझं दुसरं लेकरू गेल्यावर. सासूबाईंनी सांगितली, ज्वारी पाखडता पाखडता, यंदा मूग कमी आला म्हणावं तशा सुरात.

"माझे तीन पावसाळ्यातले. तिन्ही गेले. तुझा नवरा वैशाखातला, म्हणून उरला." मग सुपातला खडा वेचून त्यांनी उंबऱ्याबाहेर टाकला. "पर रूप काय होतं एकेकाचं. आपलं सगळं घर तव्याच्या बुडावानी, आन् हे तीन बघावं तर गाल डाळिंबावानी लाल. आख्ख्या गावात तसं लेकरू न्हवतं."

हे डाळिंबाचं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. पाणी मागायला थांबलेल्या वाटसरूला पाण्याआधी डाळिंब मिळायचं. माझेही दोन आषाढ-भाद्रपदातलेच होते. त्यांचेही गाल लाल होते. मी मात्र कुणाला सांगत नव्हते.

तिसऱ्या खेपेला दिवस राहिले तेव्हा मी बोटांवर महिने मोजले. श्रावण आला. मग उलटीकडून मोजले, तरी श्रावणच आला. माहेर डोंगरकडा गावी, पण तिथं आई उरली नव्हती, आणि भावजयीच्या स्वतःच्याच मांडीवर दोन होती. म्हणजे बाळंतपण इथंच, त्याच खोलीत.

दोष कुणाचा, याबद्दल घरात वाद नव्हता. दोष ओलीचा. आणि ओल म्हणजे काय, हे आमच्या जवळा बाजार गावाकडच्या काळ्या मातीत पावसाळा काढल्याशिवाय कळायचं नाही. मी वाढवून सांगते असं लोक म्हणतात. पण खुंटीवर टांगलेल्या सासऱ्यांच्या पागोट्यावर भुईछत्री उगवलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहे. सासरे जाऊन वर्ष झालं होतं, पागोटं तसंच टांगलेलं, आणि वर ही छत्री. जणू म्हातारा तिथं उभा राहून पावसाला तयार झालाय. मिठाचं गाडगं रात्रीतून पाण्याचं व्हायचं. भिंतीला टेकून बसलं तर उठताना पाठीबरोबर अर्धी भिंत यायची. बेडूक चुलीवर उबेला बसायचे आणि भाकरी थापायच्या आधी त्यांना उठवावं लागायचं. यातला बेडकाचा भाग थोडा कमी करून घ्या, बाकी बराबर आहे.

अशा हवेत लेकराचं बाळोतं वाळवायचं. त्यात आमच्याकडची रीत अशी की बाळोतं पिळायचं नाही. पिळलं तर लेकराच्या पोटात पीळ पडतो. आणि दिवे लागल्यावर ते बाहेर ठेवायचं नाही, वरून टिटवी गेली तर कापडाऐवजी लेकरूच वाळत जातं. म्हणजे धुतलेलं कापड धार लागलेलं तसंच उचलायचं आणि घरात आणायचं. लढाईचे दिवस होते. कापड कंट्रोलवर, सरकार मोजून देईल तेवढंच. जुनं लुगडं फाडून बाळोती करावीत तर अंगावरचंच लुगडं जुनं होतं. त्यामुळं बाळोती मोजकी, आणि लेकरू काही कापडाचा कंट्रोल बघून ओलं करत नाही. आधीच्या दोघांना शेवटी शेवटी दमट बाळोत्यातच गुंडाळावं लागलं होतं. त्यानंतर ती मलूल झाली, आणि मग गेली. दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या की पहिली दुसरीची आई, असं आम्ही धरून चाललो.

म्हणून त्या वर्षी सासूबाईंनी वैशाखातच जाहीर केलं की यंदा वाळवायची पक्की सोय घरात आणायची. त्या निवडीला आम्ही जेवढे दिवस घातले तेवढे माझ्या लग्नाला स्थळं बघताना घातले नव्हते.

पहिल्यांदा बुरडीण आली. डोक्यावर कळकाची डाली एकात एक रचलेली, लांबून वाटावं देवळाचं शिखरच चालत येतंय. डालं शेगडीवर पालथं घालायचं, वरून बाळोती पसरायची, ही जुनी पद्धत. आधीच्या दोन्ही वेळी आम्ही तेच केलं होतं.

"हे बघ माय," बुरडीण म्हणाली, "नवं डालं, विरळ विणलेलं. ऊब बराबर वर येती."

सासूबाईंनी डाल्यात डोकं घालून पाहिलं. "जुनं बी असंच होतं."

"जुन्यात काय झालं?"

सासूबाईंनी डालं खाली ठेवलं. बुरडिणीनं माझ्या पोटाकडं पाहिलं, मग डालं उचललं, दुसऱ्या डाल्यात ठेवलं, आणि म्हणाली, "मंग हे नका घेऊ." आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या विकणाऱ्या बाईला आपला माल परत डोक्यावर ठेवताना पाहिलं. पाणी न पिता गेली.

शेजारच्या काकूंनी चुलीवर दोरी बांधायचा सल्ला दिला. आम्ही ओलं फडकं टांगून पाहिलं. वाळलं, पण कढीच्या फोडणीचा वास धरून, आणि रंग असा की गोसाव्यानं मागून न्यावं. मग काकू म्हणाल्या, त्यांच्या माहेरी बापानं ओली बाळोती पोटाला बांधून निजायची रीत आहे, माणसाच्या अंगच्या उबेनं वाळतात. आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, एक दुपार ते करून बघितलं. बाळोतं तसंच राहिलं, मालकांना मात्र अशी शिंक लागली की गोठ्यातला बैल दावं तोडून निघाला.

"मेल्या, तुझ्या अंगात ऊबच न्हाई," सासूबाई म्हणाल्या.

"मग मला पावसाळ्यात काहून न्हाई पैदा केलं? सुटलो असतो," मालक म्हणाले. ते गमतीनं बोलले. कुणी हसलं नाही.

शेवटी आम्ही बाजाराच्या दिवशी बैलगाडी जुंपून जवळा बाजारला गेलो. मी, सासूबाई आणि मालक. तिथं पत्र्याचं काम करणारे एक मामू होते. घासलेटच्या रिकाम्या डब्यांतून ते चाळण्या, डबे, कंदिलाच्या टोप्या, काय वाटेल ते करत. त्यांचे आजेपणजे तिथंच पत्रा ठोकत आले होते, आणि खोटं बोलण्यात माझ्या तोडीचा माणूस मला त्या दिवशी पहिल्यांदा भेटला.

"डालं?" मामू म्हणाले. "मावशी, डालं मुर्गीसाठी असतंय. तुमच्या नातवाला मी कारखाना देतो."

त्यांनी मागच्या खोलीतून एक वस्तू ओढत आणली. पत्र्याची उभी पेटी, माझ्या कमरेएवढी. आत पत्र्याचं एक आडवं पिंप, खिळ्यानं भोकं पाडलेलं, दोन्ही बाजूंना आसावर बसवलेलं. बाहेर हातभर दांडा. खाली कोळशाचं घमेलं सरकवायला कप्पा. दांडा फिरवला की पिंप फिरायचं, आणि आतलं कापड उलटंपालटं होत पडत राहायचं.

"पिळायचं कामच न्हाई," मामू म्हणाले. "थोडं निथळू द्या, आत टाका, फिरवा. जत्रेतला पाळणा असतो ना, तसं. नवाबांच्या शेरवान्या काय दोरीवर वाळतात व्हय? हैद्राबादेत महालामहालात अशी पेटी आहे. तिथली तर हत्ती फिरवतो."

"इथं कोण फिरवणार?" मालकांनी विचारलं.

मामूंनी सासूबाईंचे दंड पाहिले. "हत्तीची गरज न्हाई दिसत."

सासूबाई खूष झाल्या. त्यांनी पिंपाचं झाकण उघडलं, आत हात घालून चाचपलं. आत काळोख होता, नव्या पत्र्याचा आंबट वास होता, आणि जागा एवढी, की तान्हं लेकरू पाय पसरून निजेल. हे माझ्या मनात काहून आलं, मला ठाऊक नाही. मी नजर काढून घेतली.

पेटीच्या डोक्यावर एक नळकांडं होतं, वर जाऊन वाकलेलं.

"हे कशाला?" सासूबाईंनी विचारलं.

"ते भिंतीतून बाहेर काढायचं, मावशी. तिथून वाफ-धूर जाईल. लांबून लोक बघतील, विचारतील, हे काय, कुणी केलं. तुमी माझं नाव सांगायचं."

"म्हंजे तुझ्या नावासाठी माझ्या भिंतीला भोक."

"नाव झालं पाहिजे ना मावशी. नुसतं पोट भरून काय करतो?"

एवढंच. त्यापेक्षा जास्त त्या नळकांड्याबद्दल मामूंनाही काही ठाऊक नव्हतं, आम्हालाही नव्हतं. दुकानातल्या दुकानात माझं एक ओलं फडकं आत टाकून फिरवून दाखवलं. खडंग-खडंग, खडंग-खडंग. झाकण उघडलं तेव्हा फडकं कोरडं, गरम, पापडासारखं. सासूबाईंनी ते गालाला लावलं आणि डोळे मिटून घेतले. तिथंच सौदा झाला. परतताना गाडीत त्या पेटीला एका हातानं धरून बसल्या होत्या. दुसरा हात माझ्या पोटावर होता.

पेटी बाळंतिणीच्या खोलीत बसवली. दुसरीकडं बसवायचा प्रश्नच नव्हता. लेकराची बाळोती उघड्या आभाळाखालून न्यायची नाहीत, आणि बाळंतिणीला शेकायला त्या खोलीत कोळसे लागणारच होते. आता नळकांडं.

"बाळंतिणीच्या खोलीला भोक?" सासूबाई म्हणाल्या. "वारं शिरल. आन् वाऱ्यासंगं काय काय शिरल."

मालकांनी नळकांडं उपसून ओसरीच्या पन्हाळाला लावलं. पेटीच्या डोक्यावर राहिलेल्या भोकात सासूबाईंनी चिंधी कोंबली आणि वर शेणमाती थापली. मग त्यांनी खोली बंद करायला घेतली. आषाढात दर वेळी करत तशीच, पण या खेपेला जास्त जीव लावून. खिडकीच्या फळ्यांच्या फटीत चिंध्या. कौलाखालच्या सांदीत चिंध्या. दाराला आतून गोधडी. कंट्रोलचे दिवस, लेकराला कापड नव्हतं, पण फटींना मिळालं. काम संपल्यावर त्या मधोमध उभ्या राहून म्हणाल्या, "मुंगी शिरायची न्हाई."

बाहेर पडायची सुद्धा नाही, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

श्रावणात, पाऊस सलग कोसळत असताना, मला मुलगा झाला. सावळा, सुरकुतलेला, आणि आवाज असा की सुईण म्हणाली, हा औंढ्याच्या देवळापर्यंत ऐकू गेला असेल. सासूबाईंनी त्याला पाहिलं आणि जाऊन पेटीत कोळसे भरले.

पेटी चालली. खोटं काय सांगू, अशी चालली की गाव बघायला लोटलं. बाया दाराशी गर्दी करून गोधडीच्या फटीतून डोकावायच्या आणि सासूबाई दांडा फिरवताना अशा दिसायच्या जणू जगाचा गाडा त्याच ओढून राहिल्या आहेत. खडंग-खडंग. कोरडी, गरम बाळोती. वरून थेंब कोळशावर पडायचे, चर्र व्हायचं, पुन्हा खडंग-खडंग. एक म्हातारी म्हणाली, हिच्यात सून टाकली तर वाळंल का. दुसरी म्हणाली, आधी हिची जीभ टाका. मीच सर्वांत मोठ्यानं हसले. मी सांगत सुटले की पेटीत चुकून अंडं राहिलं होतं ते पिलू होऊन बाहेर आलं, की मालकांचं धोतर आत टाकलं ते टोपडं होऊन निघालं. लोक माझ्याकडं ऐकायलाच येत होते.

मग मांजर खोलीला विटलं. आमचं मांजर उबेचं एवढं वेडं की निखाऱ्यावर निजायचं आणि शेपटीला आग लागली की कूस बदलायचं. पेटी बसवली त्या दिवशी ते तिच्या पायथ्याशी येऊन पसरलं होतं. आता ते खोलीत यायचं, थोडं बसायचं, डोकं हलवायचं आणि उठून ओसरीवर, पावसाच्या शिंतोड्यात जाऊन बसायचं. सासूबाई म्हणाल्या, मांजराला बाळंतिणीचा विटाळ नको वाटतो. मला ते पटलं. माझं डोकं तेव्हा कपाळाभोवती दोरी आवळल्यासारखं दुखत होतं आणि काहीही पटत होतं.

सासूबाईंचंही दुखत होतं. त्यांनी कपाळाला सुंठ लावली. दृष्ट काढली. हातातून तांब्या पडला तेव्हा म्हणाल्या, म्हातारपण आलं. लेकरू रडेनासं झालं. दूध ओढता ओढता निजायचं. बघायला येणाऱ्या बाया म्हणायच्या, काय शहाणं पोरगं, कोरड्या कापडाचं सुख. मीही निजायची. गोड, जड झोप यायची, हातपाय दुसऱ्या कुणाचे तरी वाटायचे, आणि लांबून खडंग-खडंग ऐकू यायचं, कुणीतरी माझ्याकडं चालत येऊन राहिलंय असं.

मधे एक दिवस ओढ्याला पूर आला आणि कोळसेवाला पलीकडं अडकला. पेटी गार. बाळोती ओली, खोली ओली, सासूबाई खोलीभर येरझाऱ्या घालून राहिल्या. गारठ्यात मांजर परत आलं आणि बाजेखाली निजलं. दुपारपर्यंत माझं डोकं उतरलं. आणि संध्याकाळी माझं लेकरू उठलं. उठलं म्हणजे असं रडलं की ओसरीवर मालकांच्या हातातली भाकरी पडली. ओल्या बाळोत्यात, पाय झाडत, चिडून. पोटभर प्यालं. सासूबाई म्हणाल्या, "बघ. ओल लागली. रडून राहिलं."

दुसऱ्या दिवशी कोळसे आले. लेकरू शांत झालं.

पाचवी पुजायच्या दिवशी बाया जमल्या. सटवाईला पाटा मांडला, त्यावर कोरा कागद आणि लेखणी ठेवली. ती त्या रात्री येऊन लेकराच्या कपाळावर त्याचं आयुष्य लिहून जाते. दिव्याच्या उजेडात शेजारच्या काकू लेकरावर वाकल्या. "अगं बया," त्या म्हणाल्या, "रंग उघडला की याचा. गाल बघ, डाळिंबावानी."

सगळ्यांनी पाहिले. सासूबाईंनी पाहिले. त्यांचा चेहरा अभिमानानं उजळायला लागला, आणि मधेच कुठंतरी थांबला.

माझ्या अंगावरून गार मुंगी चालत गेली. जन्मला तेव्हा सावळा होता. आधीचे दोघंही सावळेच जन्मले होते. त्यांचे गाल लाल झाले ते नंतर, याच खोलीत, कोळसे पेटल्यावर. आणि लाल झाल्यावर फार दिवस राहिले नव्हते.

बाया गेल्यावर मी मालकांना दाराशी बोलावलं. ते गोधडीच्या पलीकडं उभे, मी अलीकडं. मी म्हटलं, "आवं, ही पेटी बाहेर काढा. कोळसे बी. या खोलीतलं वारं मेलंय. लेकरू त्यानं गुंगतंय, मी बी गुंगते."

"वारं मेलं," ते म्हणाले.

"खरं सांगते."

"परवा म्हणालीस पेटीनं पिलू घातलं."

"ती गंमत होती."

"त्याआधी उशाला घोरपडीएवढा विंचू होता. गावातून काठ्या घेऊन माणसं आणली मी. काय निघालं?"

"विंचूच निघाला की."

"नखाएवढा." ते थकून हसले. "नीज आता. लेकरू बघ कसं गुमान हाय. आधीची दोन अशी निजायची का?"

"अशीच निजायची," मी म्हटलं. ते ऐकायच्या आत गेले होते. सासूबाईंना सांगितलं तर त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला, वारं लागलंय म्हणाल्या, आणि दाराची गोधडी आणखी घट्ट खोचली. आयुष्यभर मी जे रचलं त्यावर या लोकांनी माना डोलावल्या, आणि एक खरी गोष्ट सांगितली तर माझ्या तोंडून खरं निघेल असं वाटेना म्हणून कुणी घेईना.

तेव्हा मी ठरवलं, त्यांना पाहिजे ते द्यायचं.

सकाळी सासूबाई कोळशाची टोपली घेऊन आल्या तेव्हा मी बाजेवर उठून बसले होते, पदर डोक्यावरून, लेकरू छातीशी.

"आत्याबाई," मी म्हटलं, "पहाटं ती आली होती."

टोपली त्यांच्या हातातच राहिली. कोण, हे त्यांनी विचारलं नाही. पाट्याकडं पाहिलं. कागद कोराच होता, तो नेहमी कोराच असतो.

"कोणत्या रंगाचं लुगडं होतं?"

"हिरवं."

"काठ?"

"दिसला न्हाई. तोंडाला पदर लावला होता. दम लागला होता तिला."

सासूबाई खाली बसल्या. त्या साध्या नव्हत्या. अख्ख्या गावाची भांडणं त्या आमच्या ओसरीवर अशीच खालून वरून प्रश्न विचारून मोकळी करत. "लेखणी कोणत्या हातात धरली?"

"धरली, पर हातातून पडली. मनगटात जोर न्हाई म्हणाली."

त्यांनी आपल्या मनगटाकडं पाहिलं. चार दिवसांत त्यांच्या हातातून तांब्या पडला होता, परात पडली होती.

"म्हणली काय?"

"म्हणली, या खोलीत वारं न्हाई. कोळसा पेटलाय, फटी बुजवल्यात, मला लेकराच्या कपाळापतोर येता येत न्हाई. मागं बी दारातूनच माघारी गेले, म्हणली. लिहायचं राहूनच गेलं."

'मागं' हा शब्द मी जड दिसावा म्हणून घातला होता. माझ्या मनात माझी दोन होती. एवढीच.

"मागं म्हंजे कवा?" सासूबाईंनी विचारलं.

रचलेल्या गोष्टीला असा एक दरवाजा असतो की तो उघडला तर आत काय आहे हे रचणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

"पावसाळ्यात," मी म्हणाले.

बाहेर पन्हाळ वाहत होता, मामूंच्या नळकांड्यातून. सासूबाई त्या आवाजाकडं कान देऊन बसल्या. मग माझ्याशी नाही, पेटीशी बोलावं तसं त्या म्हणाल्या, "लेकाच्या येळंला, वैशाखात, मी दार उघडं ठिवलं होतं. उकडत होतं म्हणून."

मग त्या उठल्या. दाराची गोधडी ओढून काढली. खिडकीच्या फटीतल्या चिंध्या उपसायला लागल्या. ज्या बोटांनी कोंबल्या त्याच बोटांनी, एकेक. नख मोडलं तरी थांबल्या नाहीत. पेटीच्या डोक्यावरची चिंधी उपसली तशी शेणमाती फुटून खाली पडली. फळ्या ढकलल्या आणि पावसाचं गार, ओलं वारं खोलीत आलं; त्यानं पाट्यावरचा कागद उडून बाजेखाली गेला. पेटीतलं पेटतं घमेलं त्यांनी पदरानं धरून उचललं आणि अंगणात, चिखलात उलटं केलं. चर्र असा आवाज झाला. नुसत्या पदरानं धरलं होतं. हात भाजले असतील. त्यांनी हाताकडं पाहिलं नाही.

"ऊठ," त्या म्हणाल्या.

"बाहेर? आत्याबाई, आज तर कुठं सहावा दिवस..."

"ऊठ म्हणते ना."

ओसरीवर बाळंतीण पावसात येऊन बसलेली त्या गावानं पाहिली नव्हती. शेजारच्या काकू कुडावरून बघत राहिल्या, त्यांना तोंडात घालायला बोट पुरेना. मालक गोठ्यातून आले, आईच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि बैलाकडं परत गेले. सासूबाईंनी लेकरू माझ्याकडून मांडीवर घेतलं, उजेडाकडं तोंड करून. ओलं बाळोतं होतं. कुणी बदललं नाही.

"गाल बघ," त्या म्हणाल्या. "माझी नजर गेली आता. तू बघ."

"लालच हायेत."

"बघत राहा."

मी बघत राहिले. मांजर येऊन आमच्या दोघींच्या मधे बसलं. लेकरानं जांभई दिली, मग बराच वेळ काही नाही. श्वास चालू आहे का ते मी दोनदा बोटानं पाहिलं. पाऊस थांबून पुन्हा लागला. सासूबाई हलल्या नाहीत. अधूनमधून विचारायच्या, "आता?" आणि मी म्हणायची, "अजून हाय." कधी रंग गेल्यासारखा वाटायचा, पण तो ढगाचा खेळ असायचा. मला त्या वेळी एकही थाप सुचली नाही. सुचली असती तर सांगितली असती, त्यांच्यासाठी.

दुपारी पाऊस उघडून ऊन पडायच्या सुमारास लेकराची मूठ उघडली, मिटली. कपाळावर आठी आली. मग त्यानं तोंड उघडलं आणि असा टाहो फोडला की मांजर उडून अंगणात पडलं. मी गाल पाहिला. डाळिंब गेलं होतं. तव्याच्या बुडाचा आमच्या घरचा रंग हळूहळू वर येऊन राहिला होता.

"उतरला, आत्याबाई. सावळा झाला."

"बराबर बघितलंस?"

"व्हय."

त्यांनी मान हलवली. लेकरू माझ्या मांडीवर दिलं, भाजलेले हात पन्हाळाच्या धारेखाली धरले आणि माझ्याकडं पाठ करून उभ्या राहिल्या. पाणी वाहत होतं तोवर उभ्या राहिल्या.

पुढं त्या पुष्कळ जगल्या. वाटसरू पाण्याला थांबत, घरात कोण किती, हेही विचारत. सासूबाई पाणी देत. डाळिंबाचं मात्र त्यांनी पुन्हा कधी कुणाला सांगितलं नाही.